इंजिनावरचा आळ

नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये शिर्डीपर्यंत आणि जून २०२५ मध्ये शेवटपर्यंत खुला झाला, आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी जुन्या मोटारींची पहिल्यांदाच खरी परीक्षा सुरू झाली. पंधरा-अठरा वर्षं गावातल्या गावात, फार तर तालुक्याच्या रस्त्यावर ६०-७० ने धावलेली गाडी एकदम शंभरीच्या घरात जाऊ लागली. तिथे मोटारींना सपाट भागात १२० पर्यंत मुभा आहे. मग ९० च्या आसपास कधी स्टिअरिंग, कधी सीट, कधी अख्खा डॅशबोर्ड थरथरू लागतो. मालकाच्या तोंडून निघणारं वाक्य जवळजवळ ठरलेलं: ‘स्पीडला इंजिन व्हायब्रेट होतंय.’ गॅरेजवाला ते ऐकून घेतो, आणि कामं सुरू होतात. आधी माऊंटिंग बदलून बघू, मग प्लग, मग इंजेक्टर साफ करू, मग क्लच उतरवून बघू. खिशाला हजारोंची चाट बसते आणि पुढच्या प्रवासात ९० ला थरथर पुन्हा हजर. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. माझं म्हणणं असं की वेगात येणारी थरथर बहुतेक वेळा इंजिनाची नसतेच. आणि ती इंजिनाची आहे की नाही हे ठरवायला एकही सुटा भाग बदलावा लागत नाही. थरथर कोणाच्या फेऱ्यांशी बांधलेली आहे, चाकाच्या की इंजिनाच्या, एवढा एकच प्रश्न आधी विचारायचा असतो. तो न विचारता केलेली दुरुस्ती म्हणजे सुट्या भागांची लॉटरी.

इंजिनावर आळ येतो त्याला कारण आहे. गाडीत सगळ्यात जास्त आवाज तेच करतं, सगळ्यात जास्त खर्च तेच काढतं आणि गाडी जुनी झाली म्हणजे इंजिन थकलं, असं आपण धरूनच चालतो. त्यात अनुभवही तसाच येतो. ॲक्सिलरेटर दाबला की थरथर वाढते, पाय काढला की काही क्षणांत कमी होते. यापेक्षा मोठा पुरावा काय हवा? पण हा पुरावा फसवा आहे. गाडी एका गिअरमध्ये असते तेव्हा इंजिन आणि चाकं दातऱ्यांनी एकमेकांना जखडलेली असतात. इंजिनाचा वेग दहा टक्क्यांनी वाढला की चाकांचाही बरोबर तेवढाच वाढतो. म्हणजे ‘वेग वाढला की थरथर वाढते’ हे वाक्य इंजिनाच्या बाजूनेही खरं आणि चाकांच्या बाजूनेही खरं. त्यातून दोघांपैकी कोणावरही ठपका ठेवता येत नाही. ठेवायचा असेल तर आधी दोघांची जोडी फोडली पाहिजे: इंजिनाचा वेग बदलायचा आणि चाकांचा तसाच ठेवायचा, किंवा उलट. हे करायला गाडीतच एक उत्तम साधन बसवलेलं आहे. गिअरचा दांडा.

समजा थरथर ८५ ते ९० मध्ये सगळ्यात जास्त जाणवते. सपाट, सरळ, मोकळा रस्ता बघावा, शेजारी नोंद करायला कोणीतरी बसवावं आणि पाचव्या गिअरमध्ये गाडी त्या वेगावर स्थिर धरावी. मग त्याच वेगावर चौथा गिअर टाकावा. चाकं तितकीच फिरतात, इंजिन मात्र चांगलंच वर चढतं. थरथर होती तशीच राहिली, तर ती रस्त्याच्या वेगाशी बांधलेली आहे. संशय चाकं, टायर, हब, शाफ्ट यांच्यावर जातो. तिचा बाज बदलला, किंवा तीच थरथर आता चौथ्यात ७० लाच यायला लागली, तर ती इंजिनाच्या वेगाशी बांधलेली आहे. दुसरी चाचणी त्याहून सोपी. त्या वेगाच्या जरा पुढे जाऊन ॲक्सिलरेटर सोडावा, गाडी न्यूट्रलला टाकावी आणि तिला आपोआप मंदावू द्यावं. इंजिन आता नुसतं गुरगुरतंय, चाकं मात्र ९० ने धावताहेत. थरथर कायम राहिली तर संन्यासी सुटला. तिसरी चाचणी गाडी जागेवर उभी करून, न्यूट्रलमध्ये: इंजिन हळूहळू रेस करत त्याच आरपीएमपर्यंत न्यावं जिथे रस्त्यावर त्रास होतो. उभ्या गाडीत तीच थरथर आली तर चाकांचा प्रश्नच उरत नाही.

न्यूट्रलची चाचणी सांगताना एक गोष्ट ठासून सांगायला हवी, कारण आपल्याकडे पेट्रोल वाचवण्यासाठी उतारावर न्यूट्रल मारण्याची खोड जुनी आहे. ही चाचणी घाटात, उतारावर किंवा वाहतुकीत कधीही करू नये. आणि इंजिन तर मुळीच बंद करू नये: बंद इंजिनाबरोबर ब्रेकला मिळणारी मदत एक-दोन दाबांत संपते, पॉवर स्टिअरिंग जड होतं, आणि चावी फार मागे फिरली तर स्टिअरिंग लॉक होण्याची धास्ती. ऑटोमॅटिक गाडीत गिअरबॉक्सच्या वंगणाचा प्रश्न येतो, म्हणून तिथे ही चाचणी सोडून द्यावी आणि तिसरीवर भर द्यावा. द्रुतगती मार्गावर भलत्या लेनमध्ये रेंगाळत प्रयोग करणं हाही प्रयोग नव्हे, अपघाताला आमंत्रण.

आता जरा हिशेब, कारण खरी गंमत तिथे आहे. जुन्या सँट्रोसारख्या छोट्या गाडीचा १५५/७० आर १३ हा टायर घ्या. १३ इंचांची रिम म्हणजे ३३ सेंटिमीटर. वर-खाली टायरची उंची प्रत्येकी पावणेअकरा सेंटिमीटर. एकूण व्यास जवळपास ५५. वजनाखाली टायर थोडा दबतो हे धरलं तर चाक एका फेऱ्यात साधारण १ मीटर ६७ सेंटिमीटर पुढे जातं. यातून एक सोयीचं गणित निघतं: अशा गाडीचा ताशी वेग ६ ने भागा, चाक सेकंदाला किती फेरे घेतं ते मिळतं. ६० ला १०, ९० ला १५, १२० ला २०. तेवढ्याच वेळात इंजिन काय करत असतं? ३००० आरपीएमला क्रँकशाफ्ट सेकंदाला ५० फेरे घेतो, आणि चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात दोन स्फोट होतात, म्हणजे सेकंदाला १०० ठोके. चाकाचा हादरा सेकंदाला १५, इंजिनाचा ५० किंवा १००. एवढा फरक माणसाच्या अंगालाही कळतो. पंधराच्या आसपासचा हादरा वेगळा-वेगळा जाणवतो, मांडीला, हाताला, आरशात दिसणाऱ्या मागच्या गाडीच्या डोलण्यात. पन्नास-शंभरच्या घरातलं कंपन मोजता येत नाही. त्याची झिणझिण होते, गुणगुण होते, तळपायाला मुंग्या आल्यासारखं वाटतं. तेव्हा गॅरेजमध्ये ‘व्हायब्रेशन आहे’ एवढंच सांगण्यापेक्षा ‘हादरा आहे’ की ‘झिणझिण आहे’ हे सांगितलं तरी निम्मं काम होतं.

अंगावर भरवसा नसेल तर खिशातला फोन आहे. फोनमधला कंपन ओळखणारा भाग वापरून सेकंदाला किती आवर्तनं होताहेत हे दाखवणारी फुकट ॲप मिळतात. फोन सीटच्या लोखंडी रुळाजवळ, पत्र्यावर घट्ट बसवावा आणि तो शेजाऱ्याने बघावा. बरेच फोन सेकंदाला शे-दोनशे वेळाच मोजतात, त्यामुळे त्यांनी दाखवलेल्या ५० च्या वरच्या आकड्यांवर फार भिस्त ठेवू नये. पण ९० च्या वेगाला १५ वर उंच सुळका दिसला तर चाकाने गुन्हा कबूल केला असं समजायला हरकत नाही. गाडीला आरपीएमचा काटा नसेल, आणि आपल्या स्वस्तातल्या जुन्या गाड्यांना तो बहुधा नसेच, तर गिअर बदलण्याची चाचणी जास्त उपयोगी, कारण तिथे आकडा लागतच नाही, फरक लागतो.

पण मग ही थरथर ५० ला का नाही, आणि ९० लाच का? इथेच लोक इंजिनाकडे वळतात, कारण चाक खराब असेल तर ते सगळ्याच वेगांना खराब असायला हवं, असा त्यांचा तर्क. तर्क चुकीचा नाही, पण अपुरा आहे. रिमच्या कडेला २० ग्रॅम वजन कमी-जास्त आहे असं धरा. तेवढं वजन म्हणजे दोन-तीन नाणी. ५० च्या वेगाला ते चाकाला जेमतेम एक किलोच्या जोराने बाहेर ओढतं. हा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणून १०० ला तो दुप्पट नव्हे, चौपट होतो, जवळजवळ पावणेचार किलो. १२० ला पाच किलोच्या वर. आणि हा हिसका सेकंदाला १५ ते २० वेळा, दर फेऱ्याला दिशा बदलत. यात दुसरी भर पडते ती अनुनादाची. झोपाळ्याला त्याच्या लयीत दिलेला हलका धक्काही त्याला उंच नेतो, अवेळी दिलेला जोराचा धक्का वाया जातो. स्प्रिंगच्या खाली लटकणारं चाक, हब, ब्रेक या सगळ्या संचालाही अशी स्वतःची लय असते, आणि बहुतेक मोटारींत ती सेकंदाला १० ते १५ च्या आसपास पडते. चाकाचे फेरे त्या आकड्याला भिडले की इवलासा दोषही गाडीभर दुमदुमतो. म्हणूनच कित्येक गाड्या ८० ते १०० मध्ये थरथरतात आणि ११० ला चक्क शांत होतात. ‘आता बरी झाली’ म्हणून मालक वेग वाढवतो. दोष तिथेच असतो, जोर तर वाढलेला असतो. फक्त लय मागे पडलेली असते.

यावर सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप असा: ‘व्हील बॅलन्सिंग परवाच केलं, तरी थरथर गेली नाही. म्हणजे इंजिनच.’ हा निष्कर्ष घाईचा आहे. बॅलन्सिंगच्या यंत्रावर चाक अधांतरी फिरतं, त्याच्यावर गाडीचं वजन नसतं. टायरच्या आतले तारांचे पट्टे एका जागी सुटले असतील, टायर किंचित अंडाकृती झाला असेल, एका बाजूची भिंत दुसरीपेक्षा कडक झाली असेल, तर यंत्र ‘शून्य’ दाखवतं आणि रस्त्यावर चाक तरीही उड्या मारतं. वजन बरोबर असणं आणि आकार बरोबर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय यंत्रावर चाक सुळक्यासारख्या शंकूने मधोमध पकडलं जातं. गाडीवर ते हबवर बसतं, आणि जुन्या गाडीच्या हबवर गंजाचे पापुद्रे असतात. त्या पापुद्र्यावर रिम तिरकी बसली, किंवा नट एका बाजूने आधी पूर्ण आवळून मग दुसरी बाजू आवळली, तर यंत्रावरचं सगळं शहाणपण फुकट. नट समोरासमोरचे, थोडे-थोडे, आळीपाळीने आवळायचे असतात; हवेच्या बंदुकीने एका दमात फर्रकन आवळण्याची पद्धत इथे नडते.

चाक उतरवलंच आहे तर त्याच्या आतल्या बाजूकडे नीट बघावं. पावसाळ्यात शेताच्या रस्त्याने फिरलेल्या गाडीच्या रिममध्ये आतून चिखलाचा थर बसतो आणि तो वाळून दगडासारखा होतो. काळ्या मातीच्या मुलखात हे विशेष. त्यातला अर्धा थर एखाद्या दिवशी गळून पडतो, अर्धा तसाच राहतो, आणि कालपर्यंत गुपचूप असलेली गाडी आज ८५ ला थरथरायला लागते. याला औषध म्हणजे पाण्याचा फवारा आणि एक खराटा. दुसरी खूण रिमच्या कडेवर असते: बाकी सगळीकडे धूळ आणि ब्रेकची काळी पूड, आणि मधेच बोटाएवढी स्वच्छ, चकचकीत पट्टी. तिथे बॅलन्सिंगचं वजन होतं, ते पडलं. मग टायरच्या भिंतीवरचा चार आकडी कोड वाचावा. ‘२३१६’ म्हणजे २०१६ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर. कमी चालणाऱ्या जुन्या गाडीची अडचण हीच की टायर गोटा झालेला नसतो, नक्षी छान दिसते, आणि रबर मात्र वयाने कडक होऊन गेलेलं असतं. पाच-सहा वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासावा आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही उरली असली तरी बदलावा, असं अनेक टायर-उत्पादक सांगतात. हात फिरवताना नक्षीवर कुठे उंचवटा लागला, किंवा भिंतीला फुगा दिसला, तर निदान तिथेच थांबवावं. तो टायर महामार्गावर न्यायचाच नाही, कारण इथे थरथर ही तक्रार नसून टायर फुटण्याआधीची सूचना आहे.

आणि एक चाचणी, जी मला सगळ्यात प्रामाणिक वाटते, कारण तिच्यात मताला जागाच नाही. पुढची चाकं मागे आणि मागची पुढे लावावीत. ढोबळमानाने पुढच्या चाकाचा दोष स्टिअरिंगमध्ये जाणवतो आणि मागच्याचा सीटमध्ये. चाकं बदलल्यावर थरथर हातातून कमरेत गेली, तर दोष चाकाबरोबर गेला हे उघड आहे. त्याचा इंजिनाशी काडीचा संबंध नाही. जागची हलली नाही, तर चाकं सोडून हब, बेअरिंग, शाफ्ट आणि इंजिन यांच्याकडे वळावं. थरथर फक्त ब्रेक मारतानाच येत असेल तर हे सगळं बाजूला ठेवून ब्रेकच्या डिस्क तपासाव्यात.

इंजिन नेहमीच निर्दोष असतं असा माझा दावा नाही. पण ते दोषी असतं तेव्हा आपली खूण सोडतं. सगळ्यात जास्त बदललं जाणारं माऊंटिंगच घ्या. माऊंटिंगच्या रबराचं काम इंजिनाचे ठोके पत्र्यापर्यंत पोहोचू न देणं, आणि हे काम त्याला सगळ्यात अवघड जातं ते कमी वेगावर, जिथे ठोके इंजिनाच्या स्वतःच्या झुलण्याच्या लयीजवळ असतात. आरपीएम वाढतो तसं रबराला ते सोपं होत जातं. म्हणून रबर बसलेली गाडी सिग्नलला उभी असताना थडथडते, एसी लावला की जास्त थडथडते, गिअर टाकताना धक्का देते. सिग्नलला शांत उभी राहणारी आणि फक्त ९० ला थरथरणारी गाडी माऊंटिंगच्या नावावर घालणं पुराव्याला धरून नाही. अपवाद एकच: रबर पूर्ण फाटून लोखंडाला लोखंड टेकलं असेल, किंवा इंजिन खाली बसल्यामुळे सायलेन्सरची नळी पत्र्याला घासत असेल, तर झिणझिण सगळ्याच वेगांना येते. ते बघायला बॉनेट उघडून, हँडब्रेक ओढून आणि ब्रेक दाबून, कुशल माणसाने पहिल्या आणि मग रिव्हर्स गिअरमध्ये क्लच किंचित सोडावा. इंजिन वाजवीपेक्षा जास्त कलंडताना दिसतं. गाडीसमोर मात्र त्या वेळी कोणी उभं राहू नये.

दुसरा खरा गुन्हेगार म्हणजे मिसिंग. प्लगमधली फट झिजून वाढली किंवा हायटेन्शन वायर जुनी झाली की ठिणगी कमकुवत होते. उभ्या गाडीत इंजिनावर भार नसतो, सिलिंडरमध्ये दाब कमी असतो, ठिणगी कशीबशी पडते. चढावर किंवा वेगात ॲक्सिलरेटर दाबला की दाब वाढतो आणि ठिणगीला उडी मारता येत नाही. म्हणून ‘जागेवर तर मस्त चालतंय’ हा युक्तिवाद मिसिंगच्या बाबतीत टिकत नाही, आणि वरची तिसरी चाचणी इथे फसू शकते. हिशेब मात्र फसत नाही: चारांपैकी एकच सिलिंडर चुकत असेल तर तो दोन फेऱ्यांत एकदा चुकतो, म्हणजे ३००० आरपीएमला सेकंदाला २५ हिसके. चाकाच्या पंधरापेक्षा वेगळे, इंजिनाच्या शंभरापेक्षा कितीतरी संथ. सोबत पिकअप पडतो, आणि पाय काढताच हिसके थांबतात.

बाकीच्या शक्यता कमी भेटतात. क्रँकच्या पुढच्या पुलीत लोखंडाच्या दोन कड्यांमध्ये रबराचं कडं असतं, ते सुटलं की पुली डोलताना दिसते. क्लचचं काम झाल्यावर थरथर सुरू झाली असेल तर प्रेशर प्लेटवर संशय घ्यावा. अँबॅसडर, पद्मिनी यांच्यासारख्या पट्ट्यावर फिरणाऱ्या पंख्याच्या गाड्यांत पंख्याचं तुटलेलं पातं पुरेसं असतं. आणि काही थरथर दोष नसतेच. चार सिलिंडर एका ओळीत असले की क्रँकच्या एका फेऱ्यात दोनदा वर-खाली होणारं एक बळ शिल्लक राहतंच. ते मारण्यासाठी इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच उलट्या फिरणाऱ्या दोन वजनदार दांड्यांची युक्ती काढली होती. मित्सुबिशीने ती सत्तरच्या दशकात नव्याने बसवली आणि पुढे पोर्शेनेही त्यांच्याकडून परवाना घेतला. आपल्या छोट्या गाड्यांत ही चैन नव्हती. मारुती ८०० चं ७९६ सीसीचं इंजिन तर तीनच सिलिंडरचं. त्याची दोन टोकं आळीपाळीने हिंदकळतात. पहिल्या दिवशीही हिंदकळत होती. चार गिअरची ८०० शंभरीला नेली आणि पायाखाली झिणझिण आली, तर तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

माझ्या मांडणीवरचा सगळ्यात कठीण आक्षेप मीच पुढे करतो. काही भाग असे आहेत की जे फिरतात चाकाबरोबर, पण त्यांचे आकडे इंजिनासारखे येतात. मागच्या चाकांवर चालणारी जुनी जीपवजा गाडी घ्या. तिचं १५ इंची चाक ९० च्या वेगाला सेकंदाला १२ च्या आसपास फेरे घेतं. तळातून मागे जाणारा प्रोपेलर शाफ्ट त्याच्या साधारण चौपट, म्हणजे ४८. आणि अशा गाड्यांत एक गिअर सरळ असतो, जुन्या चार गिअरच्या गाड्यांत तर शेवटचाच; त्या गिअरमध्ये शाफ्ट आणि क्रँक अगदी एकाच वेगाने फिरतात. फोनने ४८ दाखवले तर दोष कोणाचा? आकडा गप्प बसतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीतही तोच घोळ: चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टच्या आतल्या बाजूच्या जॉइंटमध्ये तीन रोलर असतात, ते झिजले की एका फेऱ्यात तीन हिसके देतात, १५ च्या तिप्पट ४५, इंजिनाच्या पन्नासला खेटून. वर हा जॉइंट जोर लागत असतानाच हिसके देतो आणि न्यूट्रलमध्ये शांत होतो, म्हणजे न्यूट्रलची चाचणी एकटीच केली तर इंजिनावर खोटा आळ येतो. म्हणूनच एका चाचणीवर निकाल देऊ नये. गिअर बदलण्याची चाचणी इथे पेच सोडवते: त्याच वेगाला खालचा गिअर टाकला की क्रँकचा आकडा पुढे पळतो, शाफ्टचा आणि जॉइंटचा जागेवर राहतो.

प्रोपेलर शाफ्टबद्दल आणखी एक. टोकांचे सांधे, म्हणजे क्रॉस, बदलण्यासाठी किंवा गिअरबॉक्स उतरवण्यासाठी तो काढला जातो, तेव्हा दोन्ही टोकांना आणि सरकत्या सांध्यावर खडूने किंवा पंचने खुणा करून तो त्याच जागी बसवायला हवा. एखादा दाता पुढे-मागे बसला की दोन्ही टोकांचे क्रॉस एकमेकांशी जुळत नाहीत, आणि शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा हिसका देऊ लागतो. दुरुस्तीनंतर सुरू झालेली थरथर ही बहुतेक वेळा दुरुस्तीचीच असते. ‘कधीपासून?’ यापेक्षा ‘कोणत्या कामानंतर?’ हा प्रश्न जास्त कामाचा.

कोणी म्हणेल, हे सगळं मिस्त्रीला कळत नाही का? तीस वर्षं हात काळे केलेल्या माणसाला आकडे शिकवायची गरज काय? अनुभवी मिस्त्रीचा कान आणि हात खरोखर मोलाचे असतात, त्याची थट्टा करण्यात अर्थ नाही. पण गॅरेजच्या गल्लीत ९० चा वेग येत नाही. मिस्त्री गाडी चौकापर्यंत नेतो, ४० ने फिरवून आणतो आणि ज्या लक्षणाचा उपचार करायचा ते लक्षण त्याच्यासमोर कधी येतच नाही. त्याचा एकमेव साक्षीदार मालक, आणि तो ‘स्पीडला इंजिन व्हायब्रेट होतंय’ एवढीच साक्ष देतो. तीच साक्ष अशी असती: ‘८५ ते ९५ मध्ये येते, पाचव्यात आणि चौथ्यात सारखीच, न्यूट्रलला जात नाही, हाताला कळते, ११० ला कमी होते’, तर कोणताही बरा मिस्त्री माऊंटिंगला हातच लावणार नाही, पुढची दोन चाकं उतरवेल.

दुसरा सूर असा की जुन्या गाडीवर एवढी मेहनत कशाला, ८० च्या आत चालवावी, विषय संपला. थरथर तिच्या जन्मजात लयीची असेल तर हा सल्ला उत्तम. पण पट्टे सुटलेला टायर, सैल झालेला बॉल जॉइंट किंवा झिजलेला क्रॉस हे ७० ला आवाज करत नाहीत म्हणून ७० ला बरे होत नाहीत. प्रोपेलर शाफ्टचा पुढचा क्रॉस धावत्या गाडीत तुटला तर शाफ्ट रस्त्यावर टेकतो, आणि त्याला वेगमर्यादा ठाऊक नसते. आधी ओळखावं आणि मग वेग कमी ठेवायचा की पैसे घालायचे ते ठरवावं; क्रम उलटा झाला तर धोका तसाच राहतो. चाचण्यांना खर्च पेट्रोलचा, फार तर चाकं अदलाबदल करण्याच्या मजुरीचा.

राहतो एक प्रकार, ज्याने भलेभले चकतात. थरथर येते, पंधरा-वीस सेकंदांत विरते, पुन्हा येते. वेगाचा काटा जागचा हललेला नसतो, रस्ता सपाट असतो. मालकाला वाटतं, इंजिन मधेच चुकतंय. इथे बहुधा एक नव्हे, दोन चाकं सदोष असतात. दोन टायरांची झीज आणि हवा तंतोतंत सारखी नसते, म्हणून दोन्ही चाकं किंचित वेगवेगळ्या गतीने फिरतात. दोघांचे हिसके एकत्र पडले की गाडी हादरते, एकमेकांच्या उलट पडले की शांत होते. लांब वळण घेताना बाहेरचं चाक जास्त फिरतं आणि त्यांचा मेळ बदलतो, म्हणून वळणाआधी शांत असलेली गाडी वळणानंतर थरथरू लागते. इंजिनाला वळणाशी काही देणंघेणं नसतं. अशा गाडीचं एकच चाक बॅलन्स करून भागत नाही. चारही चाकं एका बैठकीत करून घ्यावीत, हवा थंड टायरांत सारखी भरावी, आणि चाचणीसाठी असा रस्ता निवडावा ज्यात मधे एक लांबलचक वळण आहे.